ताणकाटा घेऊन रीळ शोधताना

कळव्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला आणि माझं मासे गरवायचं रीळ उघडलं. वरचा नॉब फिरवून काढला, स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, उचलला, आतली वायरची क्लिप पिनेनं सोडवली. सहा चकत्या निघाल्या. तीन धातूच्या आणि तीन नमद्याच्या, ज्याला दुकानदार फेल्ट म्हणतात. नमद्याच्या चकत्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. त्यांतली एक धातूच्या चकतीला अशी चिकटली होती की नखानं सोडवावी लागली. धातूच्या एका चकतीची कड पत्र्यातून ठोकून काढल्यावर तशीच सोडलेली, बोटाला लागेल इतकी धारदार. आदल्या दिवशी मासा का गेला, ते त्या पेपरवर पडलेलं होतं.

आदला दिवस म्हणजे नोव्हेंबरमधला रविवार. पहाटेच्या कर्जत लोकलनं वांगणीला उतरलो आणि उल्हास नदीच्या एका डोहावर बसलो. आमच्या बिल्डिंगमधले नाना सोबत होते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात आयुष्य काढलेले, आता निवृत्त, पण गरवायचं म्हटलं की माझ्या आधी जिन्यात उभे. पाऊस संपून पाणी निवळलेलं होतं. भाजलेल्या चण्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर बडीशेप असं मळून गळाला लावलं होतं. साडेआठच्या सुमाराला काठी एकदम वाकली आणि वाकलेलीच राहिली.

खरं तर त्या क्षणी रिळानं आवाज करायला हवा होता. मोठा मासा पहिली धाव घेतो तेव्हा ड्रॅग, म्हणजे स्पूलच्या आतला ब्रेक, घसरतो. स्पूल फिरतो, तंगूस, म्हणजे गरवायचा नायलॉनचा दोरा, सुटत जातो आणि मासा दमतो. माझं रीळ गप्प होतं. ड्रॅग मी सकाळी हातानं ओढून सैलसर ठेवला होता, पण मासा ओढत असताना स्पूल जागचा हलला नाही. मग एकदम हलला, हातभर सुटला, पुन्हा अडकला. दुसऱ्या हिसक्याला तंगूस गाठीपाशी तुटला. पाण्यावर एक मोठी काळपट पाठ फुगून दिसली आणि गेली. कटलाच असणार असं नाना म्हणाले.

मासा गेला याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त लागलं ते हे की तो तोंडात गळ घेऊन गेला. आम्ही दोघंही पकडलेला मोठा मासा परत सोडतो. सोडायच्याच माशाच्या तोंडात लोखंड ठेवून त्याला पाठवणं मला सहन होईना. परतीच्या गाडीत नाना एवढंच म्हणाले, "बाळा, रीळ बोललं पाहिजे. गप र्‍हायलं की समज काम बिघडलं."

ते रीळ मी १,२०० रुपयांना घेतलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात बेअरिंगचा आकडा होता, १३ अधिक १, आणि त्याच आकड्याकडे बघून घेतलं होतं. आता नवीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात बोलून ४,००० रुपयांची मर्यादा घातली. त्यात तंगूससुद्धा आला पाहिजे. मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात होती, त्यामुळे या आकड्याला चिकटून राहणं भाग होतं. नेटवर दहा-बारा हजारांची सुंदर रिळं दिसतात, ॲल्युमिनियमची बॉडी, पाणी आत न जाणारी रचना. ती बघत बसलं की आपल्या खिशातल्या पैशांत चांगलं काही मिळणारच नाही असं वाटायला लागतं. म्हणून ती पानं मी बंद केली आणि उलट्या बाजूनं सुरुवात केली: मासा कोणता, त्याला तंगूस कोणता, त्या तंगुसाला ताण किती, आणि तेवढा ताण नीट सांभाळणारं स्वस्तातलं रीळ कोणतं.

आपल्याकडच्या गोड्या पाण्यात मोठा मासा म्हणजे कटला, रोहू, मृगळ, सिप्रिनस, गवत्या, आणि डोहात शिवडा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, पण काठीला ओढताना तिघांची तऱ्हा सारखीच असते. पहिली धाव लांब, मग दोन-तीन आखूड, मग जड होऊन गोल गोल फिरणं. डोह उघडा असेल, बुडालेली झाडं नसतील, तर त्यांना धावू द्यायला जागा असते. मरळीचं गणित वेगळं. ती पानवेलीत आणि गवतात बसते, तिला धावू दिलं की ती मुळांत शिरते. तिथं विणलेली ब्रेडेड दोरी आणि जवळजवळ बंद ड्रॅग लागतो. हे रीळ मी मरळीसाठी घेत नव्हतो आणि एकाच रिळात दोन्ही बसवायचा मोह सोडून दिला, हे बरं झालं.

तंगूस मी ०.३५ मिलिमीटरचा वापरतो. माझ्या तंगुसाच्या वेष्टनावर ८ किलो लिहिलेलं होतं. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, हा गरवणाऱ्यांचा जुना हिशोब आहे. कारण गाठीत ताकद कमी होते, काठीच्या कड्यांमध्ये घर्षण होतं आणि माशाचा हिसका नेहमी आपल्या अंदाजापेक्षा जोरात येतो. ८ किलोचा पाव म्हणजे २ किलो, तिसरा हिस्सा म्हणजे पावणेतीनच्या आत. हा आकडा कागदावर लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. दुकानात प्रत्येक खोक्यावर ८ किलो, १० किलो, १५ किलो असा जास्तीत जास्त ड्रॅग छापलेला असतो. मला त्यातले २ लागणार होते. म्हणजे वरचा आकडा कितीही असो, प्रश्न एवढाच की २ किलोवर हे रीळ कसं वागतं. खोक्यावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट मला या निमित्तानं पहिल्यांदा नीट कळली. ड्रॅगच्या चकत्या स्पूलला फिरण्यापासून अडवतात. तो अडवण्याचा जोर तोच राहतो, पण तंगूस सुटत गेला की स्पूलवरचा थर कमी होतो आणि मासा लहान व्यासावरून ओढायला लागतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर असेल आणि मासा तंगूस नेत नेत तो ३८ वर आला, तर तोच ड्रॅग सुमारे १.३ पट कडक लागतो. २ किलोचे २ किलो ६०० ग्रॅम होतात, आपण नॉबला हात न लावता. वर पाण्यात लांब पसरलेल्या तंगुसाचं ओझं. म्हणून मासा दूर गेला की ड्रॅग आवळायचा हा जो आपला हात शिवशिवतो, तो आवरायला हवा, आणि स्पूल रुंद, उथळ नसलेला, भरपूर तंगूस मावणारा हवा. मग लांबची धाव घेऊनही व्यास फारसा उतरत नाही.

यातून आकार ठरला. कंपन्यांच्या आकार-क्रमांकात ४००० ते ५००० च्या घरातलं रीळ. पण हे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. एकाचं ४००० दुसऱ्याच्या ५००० एवढं दिसतं. त्यामुळे मी आकडा सोडून स्पूलवर लिहिलेली तंगुसाची मापं वाचायला लागलो. एकावर ०.३० चा २४० मीटर असं होतं. माझा ०.३५ चा त्यात किती बसेल? जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: ०.३० चा वर्ग भागिले ०.३५ चा वर्ग, म्हणजे साधारण ०.७३. २४० चे १७६ मीटर. उल्हासच्या डोहाला ते पुरेसं आहे. दुसऱ्या एकावर हिशोब केला तर जेमतेम ११० आले, ते बाजूला ठेवलं.

आता दुकानांकडे. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकचा स्प्रिंग काटा मी विकत आणला. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याला ताणकाटा म्हणायचे तोच, १० किलोचा. मुद्दाम स्प्रिंगचा घेतला, कारण बॅग मोजायचे डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवतात, आणि मला आकडा हलताना बघायचा होता. खिशात पाच-सहा मीटर तंगूस आणि एक छोटी कात्री. पहिल्या दुकानात, ठाण्यातच, काउंटरवरच्या माणसानं ताणकाटा बघून रिळं परत कपाटात ठेवली. त्याला वाटलं असेल की मी माल खराब करणार. मी वाद घातला नाही. दुसऱ्या शनिवारी क्रॉफर्ड मार्केटकडच्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथले चाचा सत्तरीचे असतील. काटा बघून म्हणाले, "हे करणारं गिऱ्हाईक लई दिवसांनी आलं," आणि पाच रिळं काढून समोर ठेवली. स्टूलही दिलं.

पद्धत अशी ठेवली. स्पूलला तंगुसाचे दहा-बारा वेढे घालायचे, दुसरं टोक काट्याच्या हुकात. रीळ चाचांच्या हातात घट्ट, काटा माझ्या हातात. सावकाश ओढायचं आणि ड्रॅग असा लावायचा की स्पूल फिरत असताना काटा २ किलो दाखवेल. मग थांबायचं, मिनिटभर तसंच ठेवायचं, आणि पुन्हा शून्यापासून ओढायचं. स्पूल जागचा हलतो त्या क्षणी काटा कुठवर गेला तो आकडा लिहायचा. चांगल्या रिळात हे दोन आकडे जवळजवळ असतात. वाईट रिळात काटा वर चढत जातो, चढत जातो, आणि मग स्पूल सुटला की खाली आपटतो. माझा कटला त्या चढावरच तुटला होता.

पाच रिळांपैकी पहिलं ३ किलो २०० पर्यंत चढलं आणि मग २ वर आलं. दुसरं २ किलो ७००. तिसरं दिसायला सगळ्यांत देखणं, सोनेरी स्पूल, आणि तेच सगळ्यांत वाईट: साडेतीनच्या पुढे गेलं आणि सुटल्यावर स्पूल थरथरत फिरला. चौथं आणि पाचवं २ किलो ३०० च्या आत. दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांची तळाच्या पायरीवरची मॉडेलं होती. चाचांनी त्या दोघांचे नॉब काढून आत दाखवलं. चौथ्यात तेल पाजलेला नमदा, पाचव्यात काळसर कार्बनच्या चकत्या.

कार्बनबद्दल बरंच ऐकलं होतं. पेन कंपनी तिच्या कार्बन चकत्यांना एचटी-१०० म्हणते आणि खाऱ्या पाण्यातले लोक ते नाव आदरानं घेतात. कार्बन तापून चिकटत नाही, दाबून ठेवलं तरी सपाट होत नाही. पण नमदा वाईट असतो हा समज मला त्या दुकानात सोडावा लागला. तेल लावलेला, जाड, नीट कापलेला नमदा २ किलोवर कार्बनइतकाच गुळगुळीत चालला. माझ्या जुन्या रिळातला नमदा कोरडा होता, पातळ होता, आणि मी वर्षभर नॉब आवळलेला ठेवून तो दाबून टाकला होता. शेवटचा दोष माझा, पहिले दोन त्या कारखान्याचे.

इथवर आल्यावर ड्रॅगची परीक्षा संपली. बाकीच्या गोष्टी हातानं बघितल्या. हँडल सावकाश फिरवलं, कानाजवळ धरून. दात एकमेकांवर घासल्याची खरखर येते का. रिळाचा पाय, म्हणजे काठीला बसणारा भाग, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, किंचित दाबला. स्वस्त प्लास्टिकची बॉडी इथं वाकते आणि ताणाखाली आतली दातेरी चाकं एकमेकांपासून सरकतात. ग्रॅफाइटच्या बॉडीत थोडं वाकणं आलंच, २ किलोच्या ड्रॅगला ते चालतं. तंगूस स्पूलवर वळवणारी वायरची कडी, म्हणजे बेल, हातानं बंद करून बघितली, कट्ट असा एकच आवाज यायला हवा. तिच्या टोकाचा छोटा रोलर बोटानं फिरतो का ते बघितलं. हा रोलर फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक बघत नाहीत. तो अडकला की तंगूस एकाच जागी घासत राहतो, आणि मोठ्या माशाच्या एका झुंजीत तो भाग खरबरीत होतो.

हँडल उलटं किती सरकतं तेही बघायचं. आत एका दिशेनं फिरू देणारा रोलरचा क्लच असतो. तो नीट असेल तर हँडल केसभरही मागे येत नाही. सोनेरी रिळाचं हँडल पाव वळसा मागे यायचं आणि मग टक्‌ असं थांबायचं. गळ मारताना, म्हणजे काठीला झटका देऊन गळ रुतवताना, तो पाव वळसा म्हणजे ढिलाई.

बेअरिंगबद्दल दोन ओळी पुरे. चौथ्या रिळात ३ होती, पाचव्यात ४. सोनेरीत १० अधिक १. कोणतं गुळगुळीत फिरत होतं ते वर लिहिलंच आहे. मोजदाद सोपी असते म्हणून आकडा छापतात. बेअरिंग कुठे बसवली आहे आणि कशा प्रतीची आहे, ते खोक्यावर छापता येत नाही.

वेगाचंही तसंच. मला दातांचं गुणोत्तर ५ च्या आसपास हवं होतं. हँडलच्या एका फेरीत रोटर पाचदा फिरतो. ५० मिलिमीटरच्या स्पूलवर एका फेरीत साधारण ८० सेंटिमीटर तंगूस येतो. ६ च्या वरची वेगवान रिळं कृत्रिम आमिष पळवायला बरी. मोठा कटला हँडल फिरवून ओढायचाच नसतो. काठी वर उचलून त्याला जवळ आणायचं आणि काठी खाली करताना ढिला झालेला तंगूस गुंडाळायचा. हळू दातांना जोर जास्त असतो.

चाचांकडे बेटरनर प्रकारचं एक रीळही होतं. शिमानोनं १९८० च्या दशकात हे आणलं: मागे एक खटका, तो दाबला की स्पूल जवळजवळ मोकळा होतो आणि मासा आमिष घेऊन निवांत जाऊ शकतो, हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग लागतो. काठी काठावर ठेवून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ही रचना मनापासून आवडते, कारण झटक्यानं काठी पाण्यात ओढली गेल्याचं नानांनी स्वतः पाहिलं आहे. पण माझ्या पैशांत जे मिळत होतं त्यात दोन ब्रेक होते आणि दोन्ही सुमार. मुख्य ड्रॅग २ किलो ९०० पर्यंत चढला. मी एका चांगल्या ब्रेकचं रीळ घेतलं आणि काठी ठेवताना नॉब दोन वळसे सैल करायची सवय लावून घेतली. मासा लागला की तळहात स्पूलवर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं नॉब आवळायचा. सवयीला तीन रविवार लागले.

पाचवं घेतलं. ३,३५० रुपये, आणि ०.३५ चा तंगूस ४५०. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही तळाची मॉडेलं दोन-तीन वर्षांत बदलतात, नाव तेच राहून आतल्या चकत्या बदललेल्या असू शकतात, आणि मग कोणी माझ्या भरवशावर भलतंच घेईल. काटा घेऊन जावं हेच मी सांगू शकतो. चाचांना शेवटी विचारलं की बेलची स्प्रिंग तुटली तर मिळते का. ते म्हणाले, या दोघांची मिळते, त्या तिघांची नाही. खरं म्हणजे हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा होता.

घरी तंगूस भरणं हेही एक काम आहे. मुलीला तंगुसाची गुंडाळी जमिनीवर सपाट ठेवायला सांगितली आणि त्यातून वेढे ज्या दिशेनं सुटतात त्याच दिशेनं रोटर फिरेल असं पाहिलं. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर थांबून तंगूस सैल सोडला, तो पिळायला लागला की गुंडाळी पालथी केली. ओल्या फडक्यातून तंगूस चिमटीत धरून भरला, म्हणजे थर घट्ट बसतात. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबलो. जास्त भरला की फेकताना वेढेच्या वेढे एकदम सुटतात, कमी भरला की फेक आखूड पडते.

मग बिल्डिंगच्या लांबलचक पॅसेजमध्ये परीक्षा. मी काठी धरून एका टोकाला, मुलगी ताणकाटा धरून चालत दुसऱ्या टोकाला. काठी वाकली, ड्रॅग सुटला, रीळ बोलायला लागलं. मुलगी ओरडून आकडे सांगत होती: "दोन! दोन! दोन शंभर! दोन!" काठीतून ओढताना कड्यांच्या घर्षणामुळे काटा थोडा वर जातो, म्हणून नॉब पाव वळसा सैल केला आणि तिथं नॉबवर मार्करनं एक ठिपका दिला. शेजारच्या काकू दार उघडून बघत होत्या. त्यांना वाटलं पतंग.

हा ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवायचं नाही, हे मी मुलीलाही शिकवलं. बघणाऱ्याला वाटतं की आपण ओढतोय. प्रत्यक्षात मासा नेतोय तेवढा तंगूस जातोच, आणि हँडलच्या एका फेरीला पाच पीळ तंगुसात भरतात. वीस फेऱ्या मारल्या की शंभर पीळ. पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो आणि दोष तंगुसाला दिला जातो.

डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे मासा फारसा चरत नव्हता. दोन-चार रोहू मिळाले, किलो-दीड किलोचे. फेब्रुवारीत नवी मुंबईतला एक सहकारी म्हणाला की उरण-पनवेलकडच्या खारपट्टीतल्या तळ्यात जिताडा गरवायला चल. मोह झाला, जिताड्याचं नाव घेतलं की इकडे कुणालाही होतो. पण तिथलं पाणी मचूळ, आणि माझ्या रिळात क्षार आत जाऊ नयेत अशी काही सोय नाही. एकदा नेलं असतं आणि घरी आणून गोड्या पाण्यानं धुतलं असतं तर चाललं असतं. मी नेलं नाही. ज्याच्यासाठी घेतलं होतं ते आधी व्हायला हवं होतं.

मार्चमध्ये बदलापूरच्या पुढच्या एका खासगी तळ्यावर गेलो, जिथं दिवसाचे पैसे भरून गरवू देतात आणि मासा सोडावाच लागतो. आपल्याकडे बहुतेक तलाव-धरणांच्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय कुठेही काठी टाकू नये. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथं सभासदांची व्यवस्था आहे. आणि जून लागला की आम्ही काठ्या ठेवून देतो. पहिल्या पावसात मासा वलगणीला वर चढतो, पोटात अंडी असतात, त्या दिवसांत त्याला त्रास नको, हे नानांनी मला लहानपणीच्या नियमासारखं सांगून ठेवलं आहे.

तर मार्च. ऊन चढायच्या आधी, सव्वासातला, काठीचं टोक दोनदा हललं आणि रीळ बोललं. सरळ, एकसारखा आवाज, कुठे अडखळणं नाही. तळहात स्पूलवर, नॉब ठिपक्यापर्यंत, गळ मारला. मासा तळ्याच्या मधोमध निघाला. मी काहीच केलं नाही. हात काठीवर होते आणि स्पूल फिरत होता, एवढंच. नाना बाजूला येऊन उभे राहिले आणि बोलले नाहीत. स्पूलचा थर खाली जाताना दिसत होता, साठ मीटर, कदाचित सत्तर. मधे एकदा माझी बोटं नॉबकडे गेली. व्यासाचा हिशोब आठवला आणि बोटं परत आणली.

पहिली धाव संपली तेव्हा काठी उचलून खाली आणत, गुंडाळत, त्याला वळवलं. दुसरी धाव निम्मी. तिसरी अगदी काठाजवळ, जिथं सगळ्यांत जास्त मासे तुटतात, कारण पाण्यात तंगूस कमी राहतो आणि ताण पचवायला काहीच उरत नाही. तिथं मी ठिपक्यावरून नॉब थोडा सैल केला. वीस-बावीस मिनिटं गेली असतील. नानांनी जाळी पाण्यात बुडवून धरली आणि कटला तिच्यावर आला.

गळाचा उलटा काटा आधीच चपटा केलेला होता, त्यामुळे गळ खालच्या ओठातून हलक्या हातानं निघाला. ओठ फाटला नव्हता. हात ओले केले. जाळीसकट ताणकाट्याला लावला, जाळीचं वजन वजा केलं: ७ किलो ४००. पॅसेजमध्ये २ दाखवणारा तोच काटा. मग जाळी पाण्यात टेकवून त्याला दोन्ही हातांत सरळ धरला. कल्ले उघडत-मिटत होते. मिनिटभरानं त्यानं शेपटी हलवली, मी हात सोडले, आणि तो खाली गेला.

नानांनी डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी होती. खाताना त्यांनी रीळ मागून घेतलं, नॉब सैल केला, आवळला, पुन्हा सैल केला, आणि विचारलं, "कार्बनच्या त्या चकत्या आपल्या जुन्या रिळात बसतील काय?"

घरी आल्यावर रीळ ओल्या फडक्यानं पुसलं. बेलच्या रोलरवर तेलाचा एक थेंब सोडला. नॉब पूर्ण सैल केला, म्हणजे चकत्या दाबून राहणार नाहीत. आणि जुनं रीळ माळ्यावरून खाली काढलं, नानांसाठी चकत्यांची मापं घ्यायला.